अनवाणी धावपटूची दुखणी

१९६४ च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. आदिस अबाबाच्या एका इस्पितळात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेला एक बत्तीस वर्षांचा रुग्ण होता. रात्री वॉर्ड शांत झाला की तो अंगणात उतरायचा आणि हळूहळू धावायला लागायचा, असे त्याच्याबद्दल सांगतात. पोटाच्या उजव्या बाजूची जखम अजून ओली होती. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन जेमतेम पाच आठवड्यांवर आली होती आणि चार वर्षांपूर्वी रोममध्ये ती शर्यत त्यानेच जिंकलेली होती. रुग्णाचे नाव अबेबे बिकिला.

अबेबेचे नाव निघाले की रोमच्या रस्त्यावरचे त्याचे अनवाणी पाय आठवतात. तो अनवाणी धावला आणि जिंकला, एवढ्यावर बहुतेकांची गोष्ट संपते. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्यातला मोठा भाग दुखण्यांशी जुळवून घेण्यात गेला. पायाचे फोड, पोटातली शस्त्रक्रिया, मांडीचा स्नायू, पायाचे हाड आणि शेवटी मानेचा मणका. यातली काही दुखणी त्याच्या शरीराने निभावली, काहींपुढे त्याला थांबावे लागले. कोणते दुखणे निभावते आणि कोणते निभावत नाही, हे त्याच्या कारकिर्दीइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा, इथियोपियातल्या जातो नावाच्या खेड्यातला. योगायोग असा, की त्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली जात होती. घर गुराख्याचे. (बिकिला हे त्याच्या वडिलांचे नाव, इथियोपियात आडनावाची पद्धत नाही. म्हणून त्याला अबेबे म्हणणेच बरोबर.) विशीच्या सुमाराला तो राजधानीत आला आणि सम्राट हायले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात शिपाई झाला. धावणे त्याने पोटासाठी केले नाही. त्या काळी ऑलिम्पिकला फक्त हौशी खेळाडू चालत. धावून पैसे घेतले तर दार बंद. पगार शिपायाचा, कवायत शिपायाची आणि त्यातून उरलेल्या वेळात सुलुल्ताच्या टेकड्यांवरून आदिस अबाबापर्यंत आणि परत, अशी सुमारे वीस किलोमीटरची रोजची दौड.

ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर पडली. निस्कानेन इथियोपियन सरकारच्या नोकरीत होता आणि अंगरक्षक दलाला व्यायाम शिकवत होता. नुसते लांब धावून भागत नाही, त्यात वेगाच्या फेऱ्याही मिसळाव्या लागतात, हे त्याने अबेबेच्या अंगवळणी पाडले. मैदानाची सोय बेताची होती. सराव रस्त्यावर, माळावर, चढउतारावर व्हायचा.

आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. म्हणजे त्याहूनही बरेच वर हे शहर वसलेले. इतक्या उंचीवर हवा विरळ असते आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. सखल भागातला माणूस तिथे काही आठवडे राहिला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक जास्त स्रवते आणि अस्थिमज्जा तांबड्या रक्तपेशी वाढवते. इथियोपियन धावपटूंचे यश पुष्कळदा एवढ्यावरच निकालात काढले जाते. पण तेवढे सोपे ते नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथियोपियातल्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या रहिवाशांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांचे हिमोग्लोबिन समुद्रकाठच्या माणसांसारखेच निघाले आणि रक्तातले प्राणवायूचे प्रमाणही चांगले होते. अँडीज पर्वतातल्या लोकांत हिमोग्लोबिन वाढलेले असते, तसे इथे दिसले नाही. उंचीशी जुळवून घेण्याच्या शरीराच्या वाटा एकाहून अधिक आहेत. अबेबेच्या बाबतीत उंचीइतकेच श्रेय वर्षानुवर्षांच्या त्या वीस किलोमीटरना द्यायला हवे.

आता ते अनवाणी पाय. १९६० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात रोमला गेल्यावर त्याने नवे बूट घेतले. ते पायाला नीट बसेनात आणि फोड आले. फोड म्हणजे कातडीच्या वरच्या थरांत घासून पडलेली फट, जिच्यात पाणी साचते. चालताना तो नुसता टोचतो. पण ४२ किलोमीटर धावताना पावलागणिक पाय वाकडा पडायला लागतो, आणि मग गुडघा आणि कंबरही आपली जागा सोडतात. सराव त्याने पूर्वी अनवाणी केलेलाच होता. तेव्हा त्याने बूट काढून टाकले. जगाला हा चमत्कार वाटला. त्याच्या दृष्टीने ती दुखापत टाळण्याची साधी युक्ती होती.

पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाच्या डॅनियल लिबरमन यांनी केनिया आणि अमेरिकेतल्या धावपटूंची पावले मोजली. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात; जाड टाचेचे बूट घालणारे बहुतेक टाचेवर. टाचेवर उतरताना जमिनीचा जो एकदम धक्का बसतो, तो चवड्यावर उतरताना जवळजवळ नसतो. मात्र हे वाचून उद्यापासून डांबरी रस्त्यावर अनवाणी धावायला निघणे धोक्याचे. चवड्यावर उतरताना पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो, पावलाच्या लांब हाडांवरही वाढतो. ज्याचे पाय लहानपणापासून त्याला तयार झालेले नाहीत, त्याला महिन्याभरात त्या हाडांत बारीक तडा जाऊ शकतो. अबेबेचे पाय गुरांमागे धावून तयार झालेले होते.

१० सप्टेंबर १९६० ची ती शर्यत स्टेडियमबाहेरच सुरू झाली आणि स्टेडियमबाहेरच संपली. उन्हाचा ताप टाळण्यासाठी ती संध्याकाळी ठेवली होती. अंधार पडल्यावर जुन्या आपियन रस्त्यावर सैनिक मशाली घेऊन उभे राहिले. मोरोक्कोचा राधी बेन अब्देस्सलाम अगदी शेवटपर्यंत अबेबेच्या बरोबर होता. मार्गात अक्सुमचा दगडी स्तंभ लागत होता. इटलीने इथियोपिया जिंकल्यावर १९३७ मध्ये तो उचलून रोमला आणलेला होता. परतताना त्या स्तंभाच्या आसपास अबेबेने वेग वाढवला आणि राधीला पंचवीस सेकंद मागे टाकले. वेळ २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद. ती तोवरची जगातली सर्वोत्तम वेळ होती, आणि तो ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरला. (तो स्तंभ २००५ मध्ये इथियोपियाला परत गेला.)

पुढची तीन वर्षे तो मोजक्याच शर्यती धावला. १९६१ मध्ये अथेन्स, ओसाका आणि कोशित्सेच्या मॅरेथॉन जिंकल्या. १९६३ मध्ये बोस्टनला मात्र थंड वारा आणि चढाने त्याला गाठले. बराच वेळ पुढे राहूनही तो पाचवा आला. जी मॅरेथॉन त्याने पूर्ण केली पण जिंकली नाही, अशी ती एकच.

आणि मग १९६४ चा सप्टेंबर. सराव करताना पोटात कळ येऊन तो कोसळला. निदान झाले अपेंडिक्सला आलेल्या तीव्र सुजेचे. अपेंडिक्स फुटले तर पू पोटभर पसरतो, म्हणून थांबून चालत नाही. लगेच शस्त्रक्रिया झाली. तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया नव्हती. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला छेद घ्यायचा, स्नायूंचे थर कापण्याऐवजी त्यांच्या धाग्यांच्या दिशेने बाजूला सारायचे आणि आत शिरायचे, अशी पद्धत. स्नायू न कापल्यामुळे ते लवकर एकत्र येतात, ही त्यातली जमेची बाजू.

अशा रुग्णाला कधी उठवावे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन-तीन आठवडे अंथरुणातच ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा कमी पडू लागल्या आणि डॉक्टरांच्या लक्षात आले, की लवकर उठून चालणाऱ्यांच्या पायात रक्ताच्या गुठळ्या कमी होतात, फुप्फुसात कफ साचत नाही आणि आतडीही लवकर कामाला लागतात. म्हणजे अबेबेचे उठणे शास्त्राला धरून होते. धावणे मात्र नव्हते. जखमेतले कोलाजेन धाग्यांचे जाळे घट्ट व्हायला महिने लागतात, आणि तोवर पोटावर फार जोर पडला तर आतडे स्नायूंमधून बाहेर येऊन हर्निया होण्याची भीती असते. अबेबेच्या बाबतीत ती भीती खरी ठरली नाही. म्हणून ते अनुकरणीय होत नाही.

दुसरा प्रश्न दमसासाचा. सराव बंद झाला की पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रव कमी होतो, मग दोन-तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची क्षमता उतरायला लागते. पण वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढलेले हृदय आणि स्नायूंतल्या केशवाहिन्यांचे जाळे इतक्या लवकर जात नाही. अबेबेचा आधी भरपूर सराव झालेला होता. मोठ्या शर्यतीआधी सराव मुद्दाम कमी करायचा असतो, हे आज प्रत्येक मॅरेथॉन धावपटू जाणतो. सक्तीची ती विश्रांती त्याच्या पथ्यावर पडली असण्याचा बराच संभव आहे.

२१ ऑक्टोबरला टोकियोत तो पायात बूट-मोजे घालून उतरला. अर्ध्या वाटेच्या आधीच सगळ्यांच्या पुढे निघाला आणि उरलेले अंतर एकटाच धावला. वेळ २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद, पुन्हा जागतिक उच्चांक. दुसरा आलेला ब्रिटनचा बेसिल हीटली चार मिनिटांहून अधिक मागे होता, जपानचा कोकिची त्सुबुराया तिसरा. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो जगातला पहिला. शेवटची रेघ ओलांडल्यावर अबेबे हिरवळीवर गेला आणि व्यायाम करू लागला. पाठीवर झोपून पाय हवेत सायकलसारखे फिरवले, वाकून अंगठे धरले. लोक अवाक झाले. त्यामागे शरीरशास्त्र होते. एकदम थांबले तर रक्त पायात साचते आणि भोवळ येते. हळूहळू हालचाल करत राहिले तर पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. पदक देताना बँडला इथियोपियाचे राष्ट्रगीत येत नव्हते, म्हणून त्यांनी जपानचे वाजवले.

घरी बढती मिळाली आणि एक फोक्सवॅगन बीटल गाडीही.

इथून पुढे पाय तक्रार करू लागले. १९६७ च्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या सराउत्सच्या शर्यतीत मांडीच्या मागचा स्नायू दुखावला आणि शर्यत अर्धवट सुटली. हा स्नायू कंबरेपासून गुडघ्याखालपर्यंत जातो. धावताना पाय पुढे फेकला गेला की त्याला आवर घालण्याचे काम याचे. एकदा फाटला की तो जुळतो, पण जुळलेल्या जागी व्रणाचे कमी लवचीक ऊतक येते, आणि तीच जागा पुन्हा फाटते. वय पस्तीस झालेले. १९६८ मध्ये पायांच्या उपचारासाठी तो जर्मनीला गेला, परतून सरावाला लागला. मेक्सिको ऑलिम्पिकच्या काही दिवस आधी डावा पाय दुखू लागला. तपासणीत फिब्युला या हाडाला तडा गेल्याचे आढळले.

फिब्युला म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, फिब्युलाच्या वाट्याला थोडा येतो. पण घोट्याला वळवणारे स्नायू तिच्यावर बांधलेले असतात आणि प्रत्येक पावलाला ते तिला ओढतात. हाड ही जिवंत गोष्ट आहे. तिथे जुने खरवडून काढणाऱ्या आणि नवे भरणाऱ्या पेशी सतत कामावर असतात. ताण वाढला की आधी खरवडणे जोरात होते, भरणे मागून येते. मधल्या काळात विश्रांती मिळाली तर हाड पूर्वीपेक्षा दणकट होते. नाही मिळाली तर बारीक चीर पडते. स्ट्रेस फ्रॅक्चर ते हेच. लंगडत किंवा एक बाजू सांभाळत धावणाऱ्याच्या दुसऱ्याच कुठल्या हाडावर हा भार जाऊन पडतो, आणि मांडीचा जुना स्नायू सांभाळणाऱ्याला हे व्हावे यात नवल नाही. शिवाय ही चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसतही नाही.

डॉक्टरांनी शर्यतीपर्यंत पायावर भार देऊ नको असे सांगितले. पण चीर भरायला सहा-आठ आठवडे लागतात. आठवडाभराच्या विश्रांतीने फक्त कळ कमी होते. २० ऑक्टोबर १९६८ ला तो धावला आणि सुमारे सतरा किलोमीटरवर थांबला. थांबण्याआधी त्याने आपला देशबांधव मामो वोल्डे याला आपण पुढे येऊ शकत नाही, तूच जिंक, असे सांगितल्याचे म्हणतात. मामो जिंकला. टोकियोत शरीराने साथ दिली आणि मेक्सिकोत दिली नाही, याला मनाचे बळ कमीजास्त होणे हे कारण लावणे चूक आहे. पोटाच्या जखमेवर धावताना थेट भार येत नाही. पायाच्या तडकलेल्या हाडावर मात्र प्रत्येक पावलाला येतो, आणि मॅरेथॉनमध्ये अशी हजारो पावले असतात.

पाच महिन्यांनी, २२ मार्च १९६९ च्या रात्री, आदिस अबाबापासून सत्तरेक किलोमीटरवर त्याची बीटल गाडी रस्ता सोडून उलटली. तो आत अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाहेर काढले तेव्हा मानेखालचे सगळे शरीर लुळे पडले होते.

आठवडाभरात त्याला इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिल इस्पितळात हलवले. तिथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४४ मध्ये मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला होता. त्याआधी मज्जारज्जू तुटलेला रुग्ण बहुधा काही महिन्यांत दगावायचा. तो मज्जारज्जूमुळे नव्हे, तर एकाच जागी पडून झालेल्या जखमांनी आणि लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गाने. गुटमन यांनी दोन साध्या गोष्टींचा आग्रह धरला. दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची आणि मूत्राशय स्वच्छतेने रिकामे करायचे. तिसरी गोष्ट म्हणजे खेळ. धनुष्य ओढले की खांदे आणि पाठ मजबूत होते, खुर्चीत तोल सावरायला येतो. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्या स्पर्धेचे रोप १९६० मध्ये रोमला गेले आणि १९६४ मध्ये टोकियोला. अबेबे ज्या दोन शहरांत जिंकला, त्याच दोन शहरांत त्याच्यामागून काही दिवसांनी चाकाच्या खुर्चीतले खेळाडू उतरले होते. (१९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, ते याच परंपरेतल्या स्पर्धेत.)

अबेबे तिथे आठ महिने होता. सुरुवातीला मानही हलवता येत नव्हती. मज्जारज्जूला मार बसला की सूज येते आणि न तुटलेले तंतूही काही काळ मुके होतात. सूज उतरली की त्यातले काही पुन्हा बोलू लागतात. अबेबेचे हात असे हळूहळू परत आले. पाय आले नाहीत. हात परत आल्यावर त्याने धनुष्य घेतले. जुलै १९७० मध्ये तो स्टोक मॅन्डेव्हिलच्या स्पर्धेत तिरंदाजी आणि टेबल टेनिस खेळला. एप्रिल १९७१ मध्ये नॉर्वेला पाहुणा म्हणून गेला, आणि बर्फावरून कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीच्या पंचवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरून सोळा जणांत पहिला आला. आयुष्यभर मातीवर आणि डांबरावर पाय टाकलेल्या या माणसाने शेवटची मोठी शर्यत बसून आणि बर्फावर जिंकली.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला त्याला सन्मानाने बोलावले होते. उद्घाटनाला तो खुर्चीत आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. मॅरेथॉन अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने जिंकली, आणि पदक घेतल्यावर तो अबेबेजवळ जाऊन त्याच्याशी हात मिळवून आला.

२५ ऑक्टोबर १९७३ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने अबेबेचा आदिस अबाबात मृत्यू झाला. डॉक्टरांनी त्याचा संबंध चार वर्षांपूर्वीच्या अपघाताशी लावला. वय एक्केचाळीस. पत्नी येवेबदार आणि चार मुले मागे राहिली. अंत्ययात्रेला सुमारे पासष्ट हजार माणसे होती, सम्राट स्वतः आले होते आणि देशात दुखवटा पाळला गेला.